ट्रे ओढून घेण्याआधी

वाचकाचे पत्र : मी पंधरा वर्षांपासून नर्स आहे आणि दोन वर्षांपासून वॉर्डची इन्चार्ज म्हणून काम पाहते. माझ्याकडे तीन नव्या सिस्टर आल्या आहेत. अभ्यासात तिघीही चांगल्या आहेत, पण आयव्ही लाइन (शिरेतून औषध-सलाईन देण्याची नळी) लावायची म्हटले की त्यांचे हात थरथरतात. परवा एकीने एका वयस्कर बाईंना दोन वेळा टोचले आणि दोन्ही वेळा शीर फुटली. ती तिसऱ्यांदा टोचणार तेवढ्यात मी ट्रे ओढून घेतला, नवी कॅन्युला (शिरेत घालायची, सुईवर बसवलेली बारीक नळी) उघडली आणि पहिल्याच प्रयत्नात लाइन लावली. तेव्हापासून ती लाइन लावायची वेळ आली की काही ना काही कारण काढून बाजूला होते. मला हे काम जमते, पण सांगता येत नाही. "शीर हाताला कळते," यापलीकडे माझ्याजवळ शब्दच नाहीत. मी त्यांना कसे शिकवू?
— एक वॉर्ड इन्चार्ज

प्रिय सिस्टर,

परवाच्या प्रसंगाबद्दल आधी लिहिते, कारण तो तुमच्या मनाला लागून राहिलेला दिसतो. त्या बाईंना तिसऱ्यांदा टोचू दिले नाही, हे तुम्ही योग्यच केले. एका व्यक्तीने दोनपेक्षा जास्त प्रयत्न करू नयेत आणि त्यानंतर अधिक अनुभवी हात बोलवावा, असा संकेत पुष्कळ रुग्णालये पाळतात व त्याला चांगले कारण आहे. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाबरोबर रुग्णाची एक शीर काही दिवसांपुरती बाद होते आणि टोचणाऱ्याचा हातही आधीपेक्षा जास्त थरथरतो. उणीव राहिली ती एवढीच, की हा नियम त्या मुलीला खाटेपाशी जाण्याआधी माहीत नव्हता. दोन प्रयत्नांनंतर थांबायचे हे आधी ठरलेले असते, तर तिने स्वतःहून ट्रे तुमच्या हाती दिला असता आणि ते तिच्या कामाचेच एक पाऊल ठरले असते. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नाही, पण शिकणारीच्या दृष्टीने फार मोठा आहे.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. मी नवी असताना एका वरिष्ठ सिस्टरांनी रुग्णासमोरच, एक शब्द न बोलता, माझा हात बाजूला सारला होता. त्यानंतर कित्येक आठवडे मी औषधांचे कपाट लावणे, नोंदी पुऱ्या करणे अशी कामे आवर्जून मागून घेत असे आणि लाइन लावायची वेळ आली की दुसऱ्या टोकाला असे. पुढे शिकवण्याचे काम करताना एखादी मुलगी अशी कारणे काढू लागली की मला तिचा आळस कधी दिसला नाही. दिसली ती तिची भीती. तुमच्या सिस्टरकडेही तुम्ही तसेच पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. पंधरा वर्षांत तुमच्या हाताने जे आत्मसात केले आहे, ते आता तुमच्याही लक्षात न येता घडते आणि म्हणूनच ते सांगता येत नाही. यावर उपाय आहे, पण त्यासाठी आधी काही दिवस तुम्हाला स्वतःवरच मेहनत घ्यावी लागेल. पुढच्या काही लाइन लावताना, रुग्णाला अवघडल्यासारखे होणार नाही अशा बेताने, आपण काय करतो आहोत ते मनातल्या मनात शब्दांत मांडा आणि काम झाल्यावर लगेच लिहून काढा. बोट कुठे ठेवले, किती दाबले, ही शीर सोडून ती का घेतली, कातडी कोणत्या दिशेला ताणली, रक्त दिसल्यावर हाताने नेमके काय केले. चारपाच वेळा असे केलेत की ज्या गोष्टी तुम्ही "आपोआप" करत होता, त्या एकेक करून समोर येतील.

त्यानंतर शिकवण्याची एक पद्धत वापरा, जी ब्रिटिश शल्यचिकित्सक रॉडनी पेटन यांनी 1998 मध्ये मांडली आणि जी हाताच्या कौशल्यांसाठी अनेक ठिकाणी वापरली जाते. पहिल्यांदा तुम्ही नेहमीच्या वेगाने, न बोलता, सगळी कृती करून दाखवायची. दुसऱ्यांदा तीच कृती सावकाश, प्रत्येक पायरी सांगत करायची. तिसऱ्यांदा हात तुमचे, पण शब्द तिचे; ती सांगेल तेवढेच तुम्ही करायचे आणि ती एखादी पायरी विसरली तर तुम्ही तिथेच थांबायचे. चौथ्यांदा तिने बोलत बोलत स्वतः करायचे. घाईच्या वॉर्डमध्ये हटकून गाळली जाते ती तिसरी पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच आहे. तिच्या मनातला क्रम कुठे तुटतो हे रुग्णाला सुई लागण्याआधीच तिथे कळते. हे सगळे सरावाच्या कृत्रिम हातावर करायचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

मात्र कृत्रिम हाताकडून फार अपेक्षा ठेवू नका. कॅन्युला कशी धरायची, सुईचा तिरका काप वर कसा ठेवायचा, एका हाताने कॅन्युला पुढे सरकवताना दुसरा हात कुठे असावा, हे त्यावर उत्तम शिकता येते. पण त्याची शीर सरकत नाही, फुटत नाही आणि घाबरून आकसतही नाही. त्यावर वीस वेळा यश मिळालेली मुलगी खऱ्या हातावर पहिल्यांदा चुकते तेव्हा आपण कमी पडलो असे तिला वाटते. हा फरक तिला आधीच सांगून ठेवा.

शीर ओळखायला मात्र सुई लागतच नाही आणि इथेच मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन. पहिला आठवडाभर तिघींनी सुईला हात न लावता फक्त हात चाचपावेत. एकमेकींचे, तुमचे, आणि ज्यांची हरकत नाही अशा रुग्णांचे. नवख्या व्यक्तीचा सगळा भर डोळ्यांवर असतो आणि जी निळी रेष दिसते तीच तिला शीर वाटते. ती निळी रेष पुष्कळदा बारीक आणि वरवरची असते, आणि तिच्या शेजारीच, कातडीवर काहीही न दिसता, एक भरदार शीर बोटाला सापडते. चांगली शीर बोटाखाली किंचित दबते आणि बोट उचलताच पुन्हा भरून वर येते. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, कडक दोरीसारखी लागते आणि बोटे हलवली की तिची हालचाल जाणवते. धमनीत ठोके लागतात. शिरेच्या मार्गात एखादी बारीक गाठ लागली तर ती झडप असण्याची शक्यता असते, आणि तिच्या अगदी आधी टोचले तर कॅन्युला पुढे सरकताना अडते. हे चार फरक डोळे मिटून सांगता आले पाहिजेत. चाचपायला दर वेळी एकच बोट वापरायची सवय लावा, कारण ज्या बोटाने शेकडो शिरा ओळखल्या ते बोट खरोखर तयार होते.

इथे एक नाजूक गोष्ट विचारते. शीर नीट कळावी म्हणून हातमोज्याच्या बोटाचे टोक फाडून टाकण्याची सवय पुष्कळ अनुभवी सिस्टरांना असते. तुम्हाला ती असेल तर आजच सोडा; नव्या मुली तुमच्या शब्दांपेक्षा तुमच्या हातांकडे जास्त पाहतात. त्यांना पहिल्या दिवसापासून हातमोजा घालूनच चाचपायला लावा, म्हणजे मोज्याविना काय कळते याची तुलना करण्याची वेळच येणार नाही.

जागा निवडतानाही नवख्यांची ओढ एका ठरावीक दिशेने असते. कोपराच्या खळगीतली शीर मोठी व सोपी म्हणून त्या तिकडे धावतात. पण तिथे हात वाकवला की लाइन बंद पडते आणि त्याच भागात खोलवर धमनी व महत्त्वाचा मज्जातंतूही असतो. तातडीच्या वेळी ती जागा वापरावी लागते हे खरे, तरीही एरवी कोपर आणि मनगट यांच्यामधला सरळ भाग सर्वांत टिकाऊ ठरतो. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला कातडीलगतच मज्जातंतू जातो, त्यामुळे ती जागा टाळावी. मनगटाच्या आतल्या बाजूबद्दलही तेच. डायलिसिससाठी फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनी व शीर यांची केलेली जोडणी) असलेला हात, स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढलेल्या बाजूचा हात आणि लकवा झालेली बाजू, यांची चौकशी टूर्निकेट (शीर फुगून वर यावी म्हणून हाताला आवळायचा पट्टा) बांधण्याआधी तोंडाने झालीच पाहिजे.

टूर्निकेटबद्दल थोडक्यात सांगते. ते टोचण्याच्या जागेच्या साधारण दहा सेंटिमीटर वर बांधावे, मनगटातील नाडी लागत राहील एवढेच आवळावे आणि एकदोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. शीर शोधण्यातच तेवढा वेळ गेला तर सोडावे, हात खाटेखाली लोंबता ठेवावा किंवा काही मिनिटे उबदार कापडाने शेकावा आणि मग पुन्हा बांधावे. वयस्कर रुग्णांच्या बाबतीत तर ते अगदी सैल बांधावे, कधी कधी तर बांधूही नये, कारण त्यांच्या शिरांच्या भिंती नाजूक असतात आणि ताणाखाली असलेल्या शिरेला सुई लागताच ती फुटते. तुमच्या सिस्टरच्या बाबतीत परवा हेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे.

स्वच्छतेची पायरीही शिकवण्यासाठी उपयोगी पडते. सत्तर टक्के अल्कोहोलमधील दोन टक्के क्लोरहेक्सिडिनने तीस सेकंद घासायचे आणि ते पूर्ण वाळू द्यायचे. ओले असताना टोचले तर जंतुनाशकाचे काम अपुरे राहते आणि चुरचुरल्यामुळे रुग्ण हात मागे घेतो. वाळण्याचा हा अवधी नवख्या मुलीला कंटाळवाणा वाटतो. तिला सांगा की तेवढ्यात श्वास स्थिर करायचा, कॅन्युला हातात नीट धरायची आणि पुढच्या तीन हालचाली मनात म्हणायच्या. स्वच्छ केलेल्या जागेला पुन्हा बोट मात्र लावायचे नाही. तो मोह प्रत्येकीला होतो, म्हणून शिरेची जागा आधीच कातडीवरील एखाद्या तिळाच्या किंवा सुरकुतीच्या खुणेने लक्षात ठेवायला शिकवा.

आता प्रत्यक्ष टोचण्याविषयी. "जमले नाही" हा एकच शब्द नव्या मुली वापरतात, पण त्यामागे निरनिराळ्या चुका असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो. "शीर पळाली" असे त्या म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा कातडी पुरेशी ताणलेली नसते. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टोचण्याच्या जागेच्या खाली कातडी ताणून धरायची असते आणि सुई आत गेल्यावरही तो ताण सोडायचा नसतो. भीतीपोटी रक्त दिसताच अंगठा सुटतो आणि हातात आलेली शीर निसटते. मी शिकवताना नुसत्या या अंगठ्याकडे पाहत असे. सुईकडे पाहण्यापेक्षा त्यातून जास्त कळते.

दुसरी चूक अधिक फसवी असते. कॅन्युलाच्या मागच्या कुपीत रक्त दिसते, मुलीचा चेहरा उजळतो, ती कॅन्युला पुढे ढकलते आणि ती अडते किंवा तिथेच फुगवटा येतो. याचे कारण कॅन्युलाच्या रचनेत आहे. सुईचे टोक प्लॅस्टिकच्या नळीच्या थोडे पुढे असते, म्हणून पहिले रक्त दिसते तेव्हा सुई शिरेत पोचलेली असते, पण नळी अजून बाहेर असू शकते. त्या क्षणी थांबायचे, सुईचा कोन कमी करून ती जवळजवळ कातडीला समांतर आणायची, आणखी दोनतीन मिलिमीटर पुढे जायचे आणि मग सुई स्थिर धरून नुसती नळी सरकवायची. हे चित्र कागदावर काढून दाखवा. एक सुई, तिच्याभोवती नळी, आणि दोन्हींच्या टोकांतले ते अंतर एवढे काढले तरी पुरते. मी अनेक मुलींना हे चित्र पाहून "म्हणून होत होते होय!" असे म्हणताना पाहिले आहे.

तिसरी चूक म्हणजे शिरेच्या आरपार जाणे. कोन फार उभा असला किंवा वेग जास्त असला की असे होते. वरवरच्या शिरेसाठी दहा ते तीस अंशांचा कोन पुरतो, आणि वयस्कर रुग्णात तो खालच्या बाजूलाच ठेवावा. नव्या मुलींना "घाबरू नको, पटकन टोच" असा सल्ला कोणी ना कोणी देतेच. कातडी भेदताना हालचाल निश्चयी हवी हे बरोबर आहे, पण कातडीच्या आत गेल्यावर मात्र सावकाशच जायचे, हा सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग तुम्ही आवर्जून सांगा.

कॅन्युलाच्या आकाराबद्दल रंगांची यादी त्या पाठ करून आल्याच असतील : हिरवी 18 गेज, गुलाबी 20, निळी 22, पिवळी 24 (आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक). त्यामागचा विचार मात्र समजावून द्या. नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे त्रिज्या दुप्पट झाली तर बाकी सगळे तेच असताना प्रवाह सोळा पटींनी वाढतो. म्हणून मोठ्या रक्तस्रावात जाड कॅन्युलाला पर्याय नाही. नेहमीच्या औषधांसाठी मात्र काम भागेल इतकी बारीक कॅन्युला घ्यावी, म्हणजे तिच्याभोवती रक्त वाहायला जागा राहते आणि शीर कमी दुखावते.

पहिला रुग्ण तुम्ही निवडा, तिला निवडू देऊ नका. शिरा चांगल्या असलेला, स्थिर प्रकृतीचा, ज्याला तातडीने औषध द्यायचे नाही असा प्रौढ रुग्ण पाहा आणि त्याची परवानगी घ्या. "या आमच्या नव्या सिस्टर आहेत, लाइन त्या लावतील, मी शेजारी उभी आहे, तुम्ही नको म्हणालात तर मी लावेन," असे सरळ सांगितले की बहुतेक लोक हो म्हणतात. जो नाही म्हणेल त्याच्या शब्दाचा मान राखावा आणि त्या मुलीसमोर त्याबद्दल नाराजीही दाखवू नये. आपल्या सरावासाठी कोणाचे शरीर वापरताना एवढे ऋण तरी आपण मानले पाहिजे. तुम्ही स्वतः खाटेच्या त्याच बाजूला, तिच्या खांद्याच्या किंचित मागे उभ्या राहा, म्हणजे ती जे पाहते ते तुम्हाला दिसेल आणि रुग्णाची नजर तुमच्या चेहऱ्याकडे वळणार नाही. ती सुई पुढे नेत असताना बोलू नका. "अजून थोडे, अजून थोडे" असे म्हणत राहिले की ती आपल्या बोटांचे ऐकायचे सोडून तुमचे ऐकू लागते. मदत हवी असेल तर तिने म्हणायचा एक साधा शब्द आधीच ठरवा, "सिस्टर, बघता का?" एवढेही चालेल.

काही बाबतींत मात्र तुम्ही क्षणाचाही विचार न करता मध्ये पडायचे आहे. बाहेर काढलेली सुई पुन्हा कॅन्युलात घालायला निघाली तर लगेच थांबवा, कारण सुईने नळीचे टोक कापले जाऊन तो तुकडा रक्तप्रवाहात जाऊ शकतो. सुई काढण्याआधी टूर्निकेट सोडले नसेल, ठोके लागणाऱ्या जागी ती टोचायला निघाली असेल, रुग्णाला हातात विजेसारखी कळ गेली असेल किंवा वापरलेल्या सुईला टोपण लावायला ती वळली असेल, तर तिथे शिकण्या-शिकवण्याचा प्रश्न उरत नाही. वापरलेली सुई थेट, मध्ये कुठेही न ठेवता, सुयांच्या जाड डब्यात गेली पाहिजे आणि तो डबा टोचण्याआधीच हाताशी असला पाहिजे. आणि त्यांना हेही आजच सांगा, की सुई लागलीच तर ती जागा पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि त्याच क्षणी तुम्हाला कळवायचे. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई लागल्यास संसर्गाची शक्यता साधारण 0.3 टक्के असते, पण प्रतिबंधक औषध लवकरात लवकर आणि 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते. रागावण्याच्या भीतीने एखादी मुलगी हे लपवते, ही मला सर्वांत जास्त घाबरवणारी गोष्ट आहे. तुम्ही रागावणार नाही हे तिला घटना घडण्याआधी माहीत असायला हवे.

लाइन फसली तर कॅन्युला काढून, कापूस दाबून धरून रुग्णाची माफी तिनेच मागावी. नंतर, रुग्णाच्या कानाआड, तिला "काय चुकले?" असे विचारू नका. "बोटाला काय लागले? रक्त दिसले होते का? मग काय केलेस?" असे क्रमाने विचारा. उत्तरांतून तिची चूक वर सांगितलेल्यांपैकी कोणती, ते तिचे तिलाच कळेल. लाइन लागली तरीही हेच प्रश्न विचारा, नाहीतर प्रश्न म्हणजे शिक्षा असा तिचा समज होईल. आणि लाइन लावून, सलाईनने फ्लश करून (नळी धुऊन), चिकटपट्टीवर तारीख-वेळ लिहून काम संपले असे तिला वाटू देऊ नका. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः जाऊन ती जागा पाहावी : लाली, दुखणे, सूज किंवा दोरीसारखी कडक झालेली शीर आहे का, आणि लाइनची गरज अजून उरली आहे का. आपण लावलेली लाइन टिकलेली पाहण्याने जो धीर येतो, तो कौतुकाच्या शब्दांनी येत नाही.

जी सिस्टर सध्या टाळाटाळ करते आहे, तिला सगळ्यांदेखत पुढे ढकलू नका. एका शांत दुपारी तिला सोबत घ्या, परवाचा ट्रे आपण न सांगता ओढून घेतला हे स्वतःहून कबूल करा आणि दोन प्रयत्नांचा नियम यापुढे तुमच्यासह सगळ्यांना लागू आहे हे सांगा. मग पुढच्या चारपाच लाइन तुम्ही लावा आणि शीर मात्र तिला शोधू द्या. ती म्हणेल तिथेच टोचा, ती जागा टाळण्याजोगी नसली म्हणजे झाले. तिच्या बोटाने निवडलेल्या शिरेत तुमची लाइन लागत गेली, की एखाद्या दिवशी ती हातमोजे घालून स्वतःच कॅन्युला उघडेल. त्या दिवशी तुम्ही फक्त खाटेच्या त्याच बाजूला, तिच्या मागे उभ्या राहा.

आपली,
सदरलेखिका